लोखंड, मंत्र आणि मजुरी



कामगार संघटनेच्या माणसाने या व्यासपीठावर उभे राहावे आणि वेतनकरार, बोनस, महागाई भत्ता हे विषय सोडून जादूच्या तलवारींविषयी बोलावे, हे आपणांपैकी अनेकांना चमत्कारिक वाटेल. आम्हांलाही प्रथम ते तसेच वाटले होते. आमचे शाळेतले शिक्षण नववीला संपले. पुढचे जे काही झाले ते गावातल्या सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर झाले. तलवारींच्या इतिहासाशी आमचा संबंध येण्याचे काही कारण नव्हते. तो आला तो एका भांडणामुळे.

आमच्या युनियन कचेरीचे मोठे टेबल रविवारी रिकामे असते. कामगारांची मुले-मुली तेथे जमून एक खेळ खेळतात. त्याला पट नाही, सोंगट्या असल्याच तर नावापुरत्या. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. अंगावर प्रसंग आला की फासे टाकायचे आणि पुस्तकातल्या नियमांनी निकाल लावायचा. एका रविवारी आवाज चढले म्हणून आम्ही डोकावलो, तर एक मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही कामगारांचे तंटे सोडवता ना? मग आमचाही सोडवा."

तंटा असा होता. गोष्टीत रात्री लांडगा होणारा माणूस समोर आला होता. त्याला चांदीच्या हत्याराची जखम होते. इतर कशाने घाव घातला तर त्यातले दहा गुण वजा होतात. एका मुलाकडे 'अधिक तीन' जादूची तलवार होती, पण ती साध्या पोलादाची. मुलीकडे चांदीची कट्यार होती, पण तिच्यात जादू नव्हती. मुलगा म्हणे, एवढी जादू असल्यावर चांदी कशाला हवी? मुलगी म्हणे, धातू तो धातू, मंत्राने पोलादाची चांदी होत नाही. दोघांच्याही हातांत नियमांची पुस्तके होती, आणि गंमत अशी की दोघांचीही पुस्तके आपापल्या परीने बरोबर होती!

आम्ही ती पुस्तके घरी नेली. करारातली कलमे वाचण्याची आम्हांला सवय आहे; ही कलमेही आम्ही तशीच वाचली. जे हाती लागले ते आपणांपुढे मांडतो.

या खेळाचे मूळ नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचे छोटे गाव आहे. तेथले गॅरी गायगॅक्स आणि शेजारच्या मिनेसोटा राज्यातले डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला आणि १९७४ साली तो प्रसिद्ध झाला. तीन छोट्या पुस्तिका, एक पेटी आणि पहिल्या खेपेस अवघ्या १००० प्रती, एवढाच पसारा. गायगॅक्स यांची विमा कंपनीतली नोकरी १९७० साली गेली होती; मग काही काळ त्यांनी जोडे दुरुस्त करून संसार चालवला. नोकरी गेलेल्या माणसाच्या घरात हा खेळ वाढला, हे कळल्यावर आम्हांला तो एकदम जवळचा वाटू लागला.

आता मुलांच्या तंट्याकडे वळू. १९७७ साली या खेळाचा राक्षस-कोश निघाला. त्यात लांडगा-माणसाला चांदीचे किंवा जादूचे हत्यार लागू पडते, असे आहे. म्हणजे चांदी नसेल तर मंत्र चालतो. २००० साली तिसरी आवृत्ती आली. तिच्यात मोठमोठ्या दैत्यांचे कवच 'अधिक एक', 'अधिक दोन', 'अधिक तीन' अशा जादूच्या आकड्यांनी मोजले जाऊ लागले. आकडा मोठा असला की धातूची पूछ नाही. २००३ साली तीच आवृत्ती दुरुस्त करून काढली, तेव्हा कर्त्यांनी पाऊल मागे घेतले. एका जातीच्या दैत्याला गार लोखंड, दुसऱ्या जातीला चांदी, आणि सर्वांत बलाढ्य दैत्यांना तो धातू आणि पुण्याईचा संस्कार अशी दोन्ही एकत्र हवीत, असा नियम झाला. नुसता मंत्र पुरेना, नुसता धातूही पुरेना. पुढे २००९ साली याच नियमांवर बेतलेला 'पाथफाइंडर' हा दुसरा खेळ निघाला. त्यात 'अधिक तीन' तलवार चांदीच्या आणि गार लोखंडाच्या जागी चालू लागली. मुलाकडे २००९ चे पुस्तक होते, मुलीकडे २००३ चे. जादू मोठी झाली की ती धातूला गिळते. मग कोणी तरी उठतो आणि धातूला त्याची जागा परत देतो. तीस-पस्तीस वर्षे हेच चालले होते.

पण आमचे लक्ष वेधले ते किंमतींच्या कोष्टकाने. २००३ च्या नियमांप्रमाणे साधी लांब तलवार १५ सोन्याच्या नाण्यांना मिळते. ती गार लोखंडाची घेतली तर दाम दुप्पट, म्हणजे ३०. तिच्यावर जादू चढवायची तर ती आधी उस्तादी कामाची असावी लागते, त्याचे ३००. मग पहिल्या पायरीच्या जादूचे २०००. आणि गार लोखंड मंत्र सहजी घेत नाही म्हणून वर आणखी २०००. एकूण ४३३० नाणी. आता त्याच पुस्तकात मजुरीचे दर पाहा. गवंडी, कारागीर, लेखनिक अशा शिकलेल्या माणसाची रोजी चांदीची ३ नाणी, आणि दहा चांदीचे एक सोन्याचे. हिशेब केला तर ही एक तलवार म्हणजे कारागिराची १४,४३३ दिवसांची मजुरी. एकही सुट्टी न घेता एकोणचाळीस वर्षांहून अधिक! त्या किंमतीत लोखंडाचे ३०, उस्तादाच्या हाताचे ३०० आणि मंत्राचे ४०००. असे तक्ते आम्ही वाटाघाटींच्या टेबलावर पुष्कळ पाहिले आहेत.

तथापि नियम करणाऱ्यांवर आम्ही अन्याय करू इच्छित नाही. त्यांनी दोन गोष्टी मोठ्या मार्मिकपणे ओळखल्या होत्या. पहिली ही, की काम उस्तादाचे नसेल तर मंत्र चढतच नाही. दुसरी ही, की जादू करणाराला नुसता कच्चा माल लागत नाही; त्याला स्वतःचे अनुभवगुणही खर्चावे लागतात. २००० नाण्यांची जादू करायची तर मांत्रिकाच्या आयुष्याच्या कमाईतले ८० गुण कायमचे जातात. काम करताना माणूस थोडा थोडा झिजतो आणि ती झीज वस्तूत उतरते, हे सत्य एका खेळाच्या पुस्तकात कलम म्हणून छापले गेले होते. २००९ च्या खेळात मात्र ते कलम गाळले. झीज हिशेबातून गेली, किंमत तशीच राहिली.

ही कल्पना आली कोठून? धातू आणि मंत्र यांची सांगड या लोकांनी काही शून्यातून काढली नाही. अभेद्य धातूसाठी खेळात जो 'अ‍ॅडमंटाइन' शब्द आहे तो ग्रीकांच्या 'अदामस्'पासून आला. हेसिअडच्या काव्यात क्रोनसच्या हातातला विळा त्याच पदार्थाचा आहे. हलकी आणि अभंग अशी 'मिथ्रिल' चांदी टॉल्किन यांच्या १९५४-५५ साली निघालेल्या कादंबरीने जगाला माहीत करून दिली. लांडगा-माणसाला चांदीने मारण्याची गोष्ट १९४१ च्या एका हॉलिवूडपटाने घरोघर नेली. आणि भुताखेतांना लोखंड सोसत नाही, ही समजूत युरोपातच आहे असे नाही. आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाशी विळा किंवा कोयता ठेवत, तो कशासाठी? आपल्या आज्यांना हा नियम पुस्तकाशिवाय ठाऊक होता.

परंतु खऱ्या तलवारींच्या इतिहासात शिरले की एक निराळीच गोष्ट दिसते. खेळात धातू वेगळा आणि मंत्र वेगळा. लोहार वेगळा आणि मांत्रिक वेगळा. इतिहासात हे दोघे पुष्कळदा एकाच माणसाच्या अंगात राहत होते, आणि मंत्र म्हणून जे सांगितले जाई त्यात बहुतेक वेळा धंद्याचे ज्ञान दडलेले असे.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत खड्गलक्षणाचा अध्याय आहे. पन्नास अंगुळांची तलवार उत्तम, पंचवीस अंगुळांची कनिष्ठ; पात्यावरचा डाग विषम अंगुळावर असला तर अशुभ, असे तो सांगतो. पाणी कशाचे द्यावे? संपत्ती हवी तर रक्ताचे, गुणी पुत्र हवा तर तुपाचे. इथवर हा शकुनाचा मामला. पण लगेच पुढे तो म्हणतो की केळीचा क्षार ताकात कालवून एक दिवस ठेवावा आणि तो पात्याला पाजावा. असे पाते दगडावर तुटत नाही आणि दुसऱ्या लोखंडावर बोथट होत नाही. रुईचा चीक, मेंढ्याच्या शिंगाची मशी आणि पारव्याची व उंदराची विष्ठा यांचा लेप लावून मग पाणी द्यावे, असाही एक पाठ आहे. शकुन आणि कृती एकाच दमात! संस्कृतात लोखंडाला 'पाजणे' म्हटले आहे. आमचे लोहार आजही हत्याराला पाणी पाजतात.

युरोपात बाराव्या शतकात थिओफिलस नावाच्या धर्मगुरूने कारागिरीवर ग्रंथ लिहिला. काच आणि मऊ दगड कापणाऱ्या लोखंडी हत्याराला पाणी देण्यासाठी तो नेचे खाऊ घातलेल्या बोकडाचे मूत्र सांगतो, नाही तर तांबड्या केसांच्या लहान मुलाचे! वाचून हसू येते. पण तापलेले पोलाद साध्या पाण्यात बुडवले की भोवती वाफेचे आवरण धरते आणि निवणे मंदावते; पाण्यात क्षार असले की ते आवरण लवकर फुटते आणि पोलाद झपाट्याने निवून अधिक कठीण होते. तांबडे केस हा मंत्र होता, खारेपणा हे ज्ञान होते. शिष्याला दोन्ही एकत्र मिळत. पिढी बदलली, कृती करणारा हात गेला, की मागे तांबडे केस तेवढे उरतात आणि शहाणे लोक म्हणतात, हे अडाणी होते.

मंत्राची अक्षरे पात्यावरही घातली जात. नवव्या ते अकराव्या शतकांतल्या, पात्यात 'उल्फबर्ट' हे नाव लोखंडाने जडवलेल्या आणि नावाशी क्रूस काढलेल्या सुमारे १७० तलवारी युरोपात सापडल्या आहेत. दोन-अडीच शतके एकच माणूस काम करणार नाही. तेव्हा ते कोणा एकाचे नाव न राहता पेढीचा शिक्का झाले असले पाहिजे. लंडनच्या वॉलेस कलेक्शनशी संबंधित संशोधक अ‍ॅलन विल्यम्स यांनी या पात्यांची धातू तपासली. काही पाती मुशीत वितळवलेल्या उत्तम पोलादाची निघाली. क्रुसाची जागा चुकलेली किंवा अक्षरे उलटसुलट झालेली अनेक पाती हलक्या लोखंडाची निघाली. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही कोणी तरी मंत्र उतरवून घेत होता आणि माल दुसराच भरत होता. गिऱ्हाइकाने अक्षर पाहिले. धातू रणांगणावर कळली असेल.

मुशीतले हे पोलाद म्हटले की आपल्या दक्षिणेकडे यावेच लागते. कानडीत पोलादाला 'उक्कु' म्हणतात. त्यावरूनच इंग्रजांनी 'वूट्झ' केले, असे मानतात. अरबीत हिंदी पोलादाच्या तलवारीला 'मुहन्नद' असा शब्दच पडला. या पोलादाच्या पात्यावर वाहत्या पाण्यासारखी नक्षी उमटे. तिला फारसीत जौहर म्हणतात. आपल्या नांदेडला लागून असलेल्या निझामाबाद जिल्ह्यात कोनसमुद्रम् नावाचे गाव आहे. तेथल्या भट्ट्यांचे पोलाद घ्यायला एकोणिसाव्या शतकातही इराणचे व्यापारी येत.

म्हैसूर प्रांतातल्या अशा भट्ट्या फ्रान्सिस बुकॅनन या डॉक्टराने १८००-०१ च्या प्रवासात पाहिल्या आणि त्याचे पुस्तक १८०७ साली निघाले. त्याचे आम्ही विशेष ऋणी आहोत, कारण त्याने माणसे मोजली. एक मुख्य कारागीर. तो मुशी घडवतो, भरतो आणि भट्टी रचतो. त्याच्या हाताखाली तिघातिघांच्या चार पाळ्या. तिघांतला एक आग राखणार, दोघे भाते ओढणार. एकूण तेरा माणसे. पाळी पद्धत गिरणीने आणली असे आम्ही तरुणपणी भाषणांतून सांगत असू. ती चूक आम्ही येथे जाहीरपणे दुरुस्त करतो.

त्या मुशीत काय घालत? दक्षिणेतल्या वर्णनांत लोखंडाचे तुकडे, तरवडाचे सुके लाकूड आणि वर रुईची पाने असे सांगितले आहे. तरवड आपल्या माळावर पिवळा फुलतो. रुईच्या पानांची माळ आपण शनिवारी मारुतीला घालतो. देवाला जे पान तेच मुशीला. लाकडापानांतला कार्बन लोखंडात उतरतो आणि लोखंडाचे पोलाद होते. हे शास्त्र त्या तेरा जणांनी या शब्दांत सांगितले नसते. पण मूस किती वेळ ठेवावी आणि किती हळू निववावी हे त्यांच्या हाताला ठाऊक होते.

१७९४ साली मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला धाडले. १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला. मथळ्यात हे पोलाद 'मुंबईत तयार झालेले' असे म्हटले होते. नमुना मुंबईहून आला म्हणून माल मुंबईचा ठरला! करणाऱ्याचे गाव पहिल्याच कागदावर पुसले गेले.

पुढे या पोलादाच्या मागे लागला तो मायकेल फॅरडे. हा लोहाराचा मुलगा, बुकबाइंडरच्या दुकानात उमेदवारी करून पुस्तके वाचत वाचत शिकलेला. आमच्यासारख्यांना त्याचे नाव घेताना ऊर भरून येतो. जेम्स स्टोडार्ट या हत्यारे करणाऱ्या कारागिराला बरोबर घेऊन त्याने १८१९ ते १८२२ या काळात हिंदी पोलादाचे रहस्य शोधले. पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम असे नाना धातू मिसळून पाहिले. पाचशे भाग पोलादाला एक भाग चांदी घातलेले पोलाद त्यांनी वाखाणले. आमच्या टेबलावरच्या मुलांनी जे फाशांनी केले, ते फॅरडेने खऱ्या भट्टीवर केले होते. त्याचा तर्क मात्र चुकला. नक्षीचे कारण त्याला सापडले नाही.

ते बऱ्याच अंशी उलगडले १९९८ साली. अमेरिकेतले प्राध्यापक जॉन व्हरहोवेन आणि आल्फ्रेड पेंड्रे नावाचे लोहार यांनी मिळून तशी पाती पुन्हा घडवली आणि दाखवून दिले, की खनिजातच मुळात असलेल्या व्हॅनेडियमसारख्या धातूंच्या लेशमात्र अंशाने, शेकडा दोन शतांश इतक्या थोड्यानेही, ती नक्षी धरते. विशिष्ट खाणीचे लोखंड हवे असा हट्ट धरणारे जुने कारागीर वेडे नव्हते. आणि ध्यानात घ्या, हे कोडे एकट्या प्राध्यापकाला सुटले नाही, एकट्या लोहारालाही नाही. दोघे एका भट्टीपाशी बसले तेव्हा सुटले.

तोवर कोनसमुद्रम्च्या भट्ट्या विझून गेल्या होत्या. विलायती पोलाद स्वस्त मिळू लागले. १८७८ साली शस्त्रांचा कायदा झाला आणि त्याच वर्षी जंगलाचा कायदा झाला. तलवारीला गिऱ्हाईक उरले नाही, भट्टीला कोळसा महागला. ज्ञान लिहून ठेवलेले नव्हते. ते हातांत होते, आणि हात शेतमजुरीकडे वळले. मागे काय राहिले? जादूच्या तलवारींच्या गोष्टी.

ही गोष्ट आम्ही केवळ वाचलेली नाही. पंचवीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात पोलादाला पाणी देण्याच्या खात्यात एक वयस्क कामगार होते. सारे त्यांना मामा म्हणत. भट्टीच्या तोंडाशी उभे राहून तुकड्याचा रंग पाहून ते 'आता' म्हणत, आणि तो 'आता' चुकत नसे. यंत्राचा काटा बिघडला की साहेब त्यांनाच बोलावीत. वेतनकराराच्या वेळी आम्ही त्यांच्यासाठी कुशल कामगाराची वरची श्रेणी मागितली. समोरून प्रश्न आला, "हे नेमके काय करतात ते लिहून द्या." आम्ही मामांना विचारले. ते म्हणाले, "काय सांगू? दिसतं." आम्ही तो एक शब्द घेऊन परत गेलो आणि हरलो. निम्नकुशल म्हणूनच ते निवृत्त झाले. पुढे त्या खात्यात माल वारंवार तडकू लागला, तेव्हा एक अधिकारी आम्हांला कौतुकाने म्हणाले, "मामांच्या हातात जादू होती हो!" त्या कौतुकाचा आम्हांला जेवढा राग आला तेवढा शिवीचाही कधी आला नव्हता. श्रेणी देताना ते कौशल्य नव्हते, आणि माणूस गेल्यावर ती जादू झाली!

दोष त्यांचा होता तसा आमचाही होता. मामांच्या शेजारी महिनाभर उभे राहून रंगाला नाव द्यायला, वेळ मोजायला आणि कागदावर उतरवायला आम्हांला कोणी अडवले नव्हते. आम्ही मागणीपत्र लिहिले. ज्ञान लिहिले नाही.

खंडेनवमीला आम्ही कारखान्यात यंत्रांना हळदकुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो. ही पूजा बंद करा असे सांगायला आम्ही आलेलो नाही. ज्या हत्यारावर पोट चालते त्याला वर्षातून एकदा हात जोडावेत, यात माणुसकी आहे. पण हात जोडताना हत्यारामागचा हात विसरू नये. मंत्राला चार हजार आणि हाताला तीनशे हा भाव खेळात चालेल. समाजात तो चालू राहिला तर कसबी माणसे मुलांना धंदा शिकवणार नाहीत, आणि एक एक भट्टी कोनसमुद्रम्सारखी विझत जाईल.

राहिला मुलांचा तंटा. आम्ही निवाडा दिला तो असा. दोन्ही पुस्तके खरी. ज्या पुस्तकावर खेळ सुरू केला त्याने चालावे, करार मध्येच बदलू नये. मात्र आमचा एक नियम त्यांनी आपखुशीने जोडून घेतला आहे. गोष्टीत कोणालाही जादूची तलवार मिळाली, तर ती कोणी घडवली, कोठल्या लोखंडाची आणि त्याला मजुरी काय मिळाली, हे गोष्ट सांगणाऱ्याने आधी सांगायचे. मुले म्हणतात, खेळ त्याने थोडा लांबतो.

लांबू द्या. टेबल रविवारी रिकामेच असते.